अठरावा मेमो

मेघयान कंपनीचं भुवनेश्वर–रत्नागिरी विमान एक्केचाळीस मिनिटं उशिरा उतरलं, कारण रत्नागिरी आली तेव्हा ते चालवणारी दोन्ही माणसं झोपलेली होती.

असं काहीही घडलेलं नाही. कंपनीच्या नोंदीप्रमाणे त्या दिवशी कॅप्टन सरासरी सत्त्याण्णव टक्के जागा होता, आणि यंत्रं खोटं बोलत नाहीत. ती कुणाच्या कानामागे चिकटवली आहेत, एवढंच काय ते बघावं लागतं. तेव्हा ही न घडलेली गोष्ट अगदी सुरुवातीपासून.

हिंदुराव चौगुले हे गडहिंग्लजचे. एस.टी.त एकतीस वर्षं ड्रायव्हर. अपघात शून्य, मेमो सतरा. सतराही मेमो गाडी उशिरा नेल्याचे, आणि सतराही उशिरांचं कारण एकच. हिंदुरावांचा नियम होता : दोन जांभया माफ, तिसरीला गाडी झाडाखाली. तिसरी जांभई आली की ते भर प्रवासात गाडी बाजूला घेत, कंडक्टरला म्हणत, "धा मिनिटं," आणि स्टिअरिंगवर गमछा टाकून त्यावर डोकं ठेवून झोपत. दहा म्हणजे दहाच. मग बाटलीतलं पाणी तोंडावर मारून पुढं. खाली उतरलेले उतारू तोवर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. त्यात एकदा गणिताचे मास्तर होते, त्यामुळे सहामाहीचा पेपर उशिरा सुरू झाला, आणि हिंदुरावांचा मुलगा रणधीर पुढली चार वर्षं वर्गात 'झोपाळू चौगुल्याचं पोरगं' म्हणून ओळखला गेला.

रणधीरनं तेव्हाच ठरवलं, आपण आयुष्यात कुठंही उशिरा पोचायचं नाही. तो पायलट झाला. विमानांविषयी त्याला कुणीतरी आधी नीट माहिती द्यायला हवी होती.

जागपट्टी आली ती रणधीर कॅप्टन झाल्यावर दोन वर्षांनी. त्याआधी थकलेल्या पायलटांच्या हातून नको त्या गोष्टी घडत होत्या. कुणी चाकं खाली न सोडताच उतरायला निघे, कुणी शेजारच्या गावाच्या धावपट्टीवर उतरून प्रवाशांना 'स्वागत आहे' म्हणे. थकवा मोजायचा कसा, हा प्रश्न होता. दारू तोंडाच्या वासावरून कळते; झोपेला वास नसतो. पण खूण असते. माणूस जितका वेळ जागा, तितकं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं; झोप ते उपसून टाकते. चहा-कॉफीनं ते कमी होत नाही. कॉफी फक्त त्याच्या बसायच्या खुर्च्या अडवून धरते. बिचारं रसायन दारात उभं राहतं, आणि कॉफी उठली की एकदम आत घुसतं. जागपट्टी कानामागे चिकटते, घामातून या साठ्याचा अंदाज घेते, मेंदूच्या लहरी टिपते, आणि माणूस किती टक्के जागा आहे ते थेट कंपनीला कळवते.

एकाची पट्टी दुसऱ्यानं लावू नये म्हणून ती हृदयाचा ठोका ओळखे. प्रत्येकाच्या ठोक्याचं वळण वेगळं, हस्ताक्षरासारखं. पण दमलेल्या माणसाचं अक्षर बिघडतं तसा त्याचा ठोकाही थोडा बदलतो. पहिल्या महिन्यात पट्ट्या आपल्याच पायलटांना ओळखेनात. म्हणून कारखान्यानं जरा सूट ठेवली. ती सूट नेमकी एवढी निघाली की त्यात बापाचं काळीज बसत होतं.

आणखी एक. पट्टी नेमकी कुठं आहे हे कंपनीला कळता कामा नये, यासाठी पायलटांच्या संघटनेनं अठरा दिवस संप केला होता. त्यांचं म्हणणं, आम्ही झोपतो की नाही ते बघा. कुठं झोपतो ते विचारू नका. संघटना जिंकली. पेढे वाटले.

रणधीर त्या दिवाळीत घरी आला तो जेवता जेवता ताटातच झोपला. आमटीत नाक जाणार तेवढ्यात हिंदुरावांनी त्याचं कपाळ धरलं.

"अरं, किती तास झाले झोपून?"

"परवा तीन तास मिळाले होते, आबा."

"मग सांगायचं त्यास्नी. म्हणावं झोप न्हाई झाली, आज जमत न्हाई."

"सांगितलं की नाव लाल यादीत जातं. तीनदा लाल झालं की कॅप्टनकी गेली. आणि पट्टीत सहा तास झोप दिसली नाही तरी लाल."

"म्हंजे झोपायला वेळ द्यायचा न्हाई, आन् झोपला न्हाईस म्हणून धरायचं?"

"नियम आहे."

"आमचा नियम बरा हुता. तिसरी जांभई आली की..."

"आबा, ते विमान आहे!" रणधीर एकदम चढ्या आवाजात बोलला. "कुठल्या झाडाखाली लावू? आणि सतरा मेमो घेऊन मला नाही जगायचं. तुम्ही जगलात. वर्गात मी बसत होतो."

हिंदुराव उठले. हात धुवून आले, खुर्चीवर बसले आणि मान वळवून त्यांनी कान पुढं केला.

पट्टी चिकटली, तीनदा मिणमिणली, हिरवी झाली. रणधीरच्या फोनवर अक्षरं आली : 'नमस्कार, कॅप्टन.' हिंदुरावांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली. लाज वाटायला हवी होती हे त्यांना नंतर उमगलं. त्या घटकेला मात्र त्यांची छाती चांगली दोन इंच फुगली होती. रणधीरनं स्वतःच्या कानामागे एक मुदत संपलेली पट्टी लावली. बाहेरून दोन्ही सारख्याच.

तेव्हापासून हिंदुरावांच्या भिंतीवर कालनिर्णयाशेजारी मुलाच्या ड्यूटीचा तक्ता आला. रणधीर उडत असला की आबांनी जागायचं. तो मोकळा असला की आबांनी झोपायचं, त्या वेळी तो कंपनीच्या बैठकीत असो की विमानतळावर ताटकळत असो. दुपारचा पत्त्यांचा डाव सुटला. पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि हिंदुरावांनी घड्याळ बघून मांडवातच अंग टाकलं. अक्षता त्यांच्यावरही पडल्या. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचं काही खरं नाही. पण झोप ही त्यांची कला होती. ते एस.टी.च्या टपावर झोपले होते, मतदानाच्या रांगेत उभ्यानं झोपले होते, वरातीतल्या ब्यांजोच्या गाडीला टेकून झोपले होते. मेघयानच्या अकराशे पायलटांतला सगळ्यात ताजातवाना पायलट गडहिंग्लजला अंगणात शेंगा फोडत बसलेला असे.

व्हायचं तेच झालं. पुढल्या वर्षाच्या अखेरीस कॅप्टन रणधीर चौगुले यांना 'निद्राभूषण' पुरस्कार जाहीर झाला. सोहळा रत्नागिरीला, समुद्रकाठच्या हॉटेलात. वडिलांना अगत्यानं आणावं, असं कंपनीचे मुख्य निद्रा अधिकारी सुखटणकर यांनी स्वतः फोन करून सांगितलं. रणधीरनं आबांना आधी भुवनेश्वरला, आपल्या बिऱ्हाडी नेलं, आणि तिथून आपल्याच विमानानं निघायचं ठरवलं.

विमानात चढताना दारातच रणधीर उभा होता. टोपी, खांद्यावर पट्टे, चकचकीत बूट. डोळे मात्र मिरचीपूड गेल्यासारखे. पहाटे चारपासूनचं हे त्याचं तिसरं उड्डाण.

"आबा, दोन तास वीस मिनिटं. डोळा लावू नका हं. आता विमानातल्या पडद्यांवरही आकडा लगेच दिसतो."

"तू बी लावू नगंस," आबा म्हणाले, आणि दोघं हसले.

हसता हसता रणधीरनं तोंडावर हात नेला. एक. मागच्या बाईंना नमस्कार करताना, दोन. हिंदुराव आत वळले, आणि वळता वळता त्यांना तिसरी दिसली. हाताआड दाबलेली, पण पुरती, जबडा थरथरवणारी जांभई. एकतीस वर्षं ज्या गोष्टीसाठी त्यांनी शिव्या खाल्ल्या ती गोष्ट त्यांच्यापासून दोन हातांवर घडली. मागं रांग खोळंबली होती. ते चौथ्या रांगेत खिडकीशी जाऊन बसले.

प्रवास छान चालला होता. वर्षाखेरीचं स्वच्छ ऊन. हिंदुराव नाक काचेला लावून खालचा मुलूख वाचत होते. पायलटांच्या खोलीत एका वेळी एकानं वीस मिनिटं डोळा मिटायची मुभा असते. अट एकच, दुसऱ्याचा आकडा पडद्यावर हिरवा हवा. सहवैमानिक केतकी गवाणकरनं पडद्यावर पाहिलं. कॅप्टन, सत्त्याण्णव. तिनं निर्धास्तपणे डोळे मिटले. तो आकडा चौथ्या रांगेत काचेला नाक लावून बसला होता, हे तिला कोण सांगणार?

दुपारी दीडच्या सुमाराला हिंदुरावांना खाली आंबा घाट दिसला. त्या घाटात त्यांनी नऊ वर्षं गाडी चालवली होती; वरून तो बायकोच्या हातच्या चकलीसारखा ओळखू आला. त्यांना भरून आलं. मग वाटलं, घाट उतरला तरी गाडी हळू कशी होईना? स्टँड जवळ आला की ड्रायव्हरचा पाय आपोआप उचलतो. साखरपा गेलं. नदी गेली. किनाऱ्याची पांढरी रेघ आली, एका टोकाला दीपस्तंभ काडीएवढा दिसला, आणि तोही मागं गेला. खाली नुसता समुद्र. विमान ना झुकलं ना वळलं.

हिंदुरावांना कळलं. दुसऱ्या कुणाला कळायच्या आत, सगळंच्या सगळं कळलं.

त्यांनी हवाईसुंदरीला हाक मारली. लिनेट घोन्साल्विस, वसईची, हसरी मुलगी.

"पोरी, रत्नागिरी गेली मागं."

"नाही हो काका, अजून यायची आहे."

"नऊ वर्षं गाडी घालत हुतो मी त्या गावात. गेली! जरा आत बघून ये. पायलट झोपलाय का बघ."

लिनेटनं हातातला पडदा त्यांच्यापुढं धरला. "हे बघा, कॅप्टन सर अठ्ठ्याण्णव टक्के जागे. घाबरू नका."

हिंदुराव घाबरले. पडद्यावर नव्व्याण्णव झालं.

"बघा, वाढले!" लिनेट कौतुकानं म्हणाली आणि रिकामे पेले गोळा करत मागं गेली.

आता दोन वाटा होत्या. पट्टी उपटली की विमानभर भोंगा वाजणार, आणि ती कुणाच्या कानामागून निघाली हे जगाला कळणार. रणधीरची टोपी गेली, पट्टे गेले. दुसरी वाट : हिंदुरावांनी झोपायचं. कॅप्टन झोपला असं पट्टीनं कळवलं की भोंगा फक्त पायलटांच्या खोलीत वाजतो. पोरगं दचकून उठेल, विमान वळवेल, कुणाला काही कळणार नाही. झोपायचं तर आहे. त्यात काय मोठंसं?

त्यांनी गमछा तोंडावर ओढला. हात पोटावर ठेवले. श्वास लांबवला. मनातल्या मनात थांबे म्हणू लागले, याच्यावर ते हमखास झोपत : कोल्हापूर, मलकापूर, आंबा, साखरपा, पाली, हातखंबा, रत्नागिरी... रत्नागिरीच्या पुढं थांबा नव्हता. पुन्हा पहिल्यापासून. कोल्हापूर, मलकापूर... काळीज ट्रॅक्टरसारखं धडधडत होतं. त्यांनी डोळे घट्ट मिटले. डोळ्यांपुढं दारातली ती तिसरी जांभई येत होती. मागं कुणीतरी लहान मुलीला सांगत होतं, बघ, समुद्र किती मोठा. आयुष्यात पहिल्यांदाच हिंदुराव चौगुल्यांना झोप येत नव्हती.

अशी चार मिनिटं गेली. तेवढ्या वेळात विमान पन्नासेक किलोमीटर जातं, म्हणजे जवळजवळ गडहिंग्लज ते कागल. नंतर त्यांनी हा हिशेब पुष्कळदा केला. मागं एकशे बासष्ट माणसं, आणि आपण ती चार मिनिटं एका नावावर पांघरूण घालायला वापरली.

त्यांनी गमछा काढला, उभे राहिले आणि पट्टी उपटली. चार केस आणि थोडी कातडी बरोबर आली.

लिनेटचा पडदा लाल झाला. शून्य टक्के. भोंगा असा वाजला की मागची मुलगी रडायला लागली.

"पोरी," हिंदुराव म्हणाले, आणि सगळं विमान त्यांच्याकडं बघत असताना त्यांनी तळहात पुढं केला. "ही माझ्या कानामागनं निघाली. जागा मी हुतो. आत कोण जागं हाय, त्ये बघ आता."

लिनेट पळाली. जरा वेळ काहीच झालं नाही. मग विमानानं उजवा पंख हळूच खाली केला आणि सूर्य एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत गेला. ध्वनिक्षेपकावर आवाज आला. शाळेला उशीर झाला म्हणून अंथरुणात उठून बसलेल्या पोराचा आवाज.

"मी... कॅप्टन बोलतोय. आपण... थोड्याच वेळात उतरू."

विमान टेकल्यावर पहिल्यांदा आत आले ते सुखटणकर, कोकम सरबताची खोकी घेऊन. त्यांनी जाहीर केलं की वर्षअखेरीनिमित्त मेघयाननं प्रवाशांना विनामूल्य सागरदर्शन घडवलं. भोंगा हा त्याचाच भाग होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकानं विचारलं, पुढच्या वर्षी डॉल्फिन दाखवाल का. सुखटणकरांनी ते लिहून घेतलं.

हिंदुरावांनी त्यांना कोपऱ्यात गाठलं. "साहेब, पट्टी माझ्याकडं हुती. लिवून घ्या."

"काका, हळू बोला. ती तुमच्याकडे होती असं ठरलं, तर सगळ्याच पट्ट्या खोट्या ठरतील."

"ठरू द्यात की."

"मग विमानं कुणी उडवायची?"

"झोप झालेल्यांनी."

सुखटणकर त्यांच्याकडं लहान मुलाकडं बघावं तसं बघत राहिले. "काका, तेवढे नाहीयेत हो आमच्याकडे."

रणधीर सगळ्यात शेवटी उतरला. एरवी आबा दिसले की तो पाया पडे. आज तो दोन पावलं लांब थांबला. हिंदुरावांनी कागदी रुमालात गुंडाळलेली पट्टी त्याच्या हातावर ठेवली.

"कधी कळलं तुम्हाला?" त्यानं खाली बघत विचारलं.

"दीपस्तंभ मागं गेला तवाच. मग चार मिनिटं मी झोपाय बघत हुतो. तुझं नाव झाकावं म्हणून." ते थांबले. "आन् दारात तिसरी जांभई बघितली हुती. गप बसलो."

रणधीरनं पट्टी खिशात टाकली. मागून केतकी आली. ती रागावेल असं दोघांनाही वाटलं; रागावली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या पडद्यावर तुम्ही जागे होतात, सर," ती म्हणाली. "म्हणून झोपले मी." आणि आपली बॅग ओढत निघून गेली.

संध्याकाळी सोहळा झाला. शाल, श्रीफळ आणि चांदीची उशी. रणधीर माईकपुढं उभा राहिला.

"यातली एकही झोप माझी नाही," तो म्हणाला. "माझे वडील झोपत होते. मी खोटी पट्टी लावून उडत होतो. आज दुपारी मी विमानात झोपलो."

आधी सुखटणकर हसले, मग सगळे हसले, मग विनयाबद्दल दाद म्हणून टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या वडिलांना उभं राहायला सांगण्यात आलं. हिंदुराव उभे राहिले. त्यांच्या कानामागे सोललेल्या जागी चिकटपट्टी होती. सतरा मेमोंनी त्यांची मान कधी खाली गेली नव्हती. त्या टाळ्यांनी गेली.

आठवड्यानं भुवनेश्वरहून फोन आला.

"आबा, आज ड्यूटीला गेलो नाही. सांगितलं, झोप झालेली नाही. पट्टी माझी मीच लावली होती. लाल होती."

"मग?"

"मेमो दिला."

"कितवा?"

"पहिला."

"नीट ठेव," हिंदुराव म्हणाले. "माझ्या सतरांस्नी ट्रंकेत वाळवी लागली."

फोन ठेवून त्यांनी भिंतीवरचा तक्ता काढला, पाठची कोरी बाजू वर केली आणि चष्मा लावून लिहायला बसले.

'प्रति, मा. आगार व्यवस्थापक साहेब. विषय : अठरावा मेमो मिळणेबाबत.

महोदय, मी निवृत्त चालक हिंदुराव ज्योती चौगुले विनंती अर्ज करतो की, भुवनेश्वर–रत्नागिरी हे विमान एक्केचाळीस मिनिटे उशिरा पोहोचले. सदर विमान उशिरा पोहोचलेच नाही असे माझ्या पत्रास आलेले कंपनीचे लेखी उत्तर सोबत जोडले आहे. चालकाची तिसरी जांभई मी समक्ष पाहिली असून गाडी थांबवली नाही. तसेच चूक कळल्यानंतर चार मिनिटे मी जाणूनबुजून गप्प राहिलो. तरी एक्केचाळीसपैकी चार मिनिटांचा मेमो माझ्या नावे काढून माझ्या सेवापुस्तकात लावावा. उरलेली सदतीस मिनिटे कोणाची, याची चौकशी वरिष्ठ कार्यालयाने करावी. माझ्या मुलास मिळालेला पहिला मेमो रद्द करू नये. तो त्याने स्वतः कमावला आहे. तसेच आकाशात ठरावीक अंतरावर गाडी बाजूला घेण्यासाठी सावलीची जागा राखून ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती.'